यांत्रिक होडी सुरू का होत नाही?



वसंतातील या व्याख्यानमालेत इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य यांच्या पंक्तीला आज एका बंद पडलेल्या होडीचे पान मांडलेले पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मालकीची होडी असणार. परंतु गेटवेवरून मांडव्याला किंवा घारापुरीला लाँचने गेलेले, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला पाहण्यासाठी होडीत बसलेले लोक या सभागृहात पुष्कळ असतील. रस्त्यात मोटार बंद पडली तर आपण खाली उतरतो आणि समोरच्या हॉटेलात चहा घेत मिस्त्रीची वाट पाहतो. होडीतून खाली उतरण्याची सोय नसते. वारा आणि पाणी तिला त्यांच्या मनाप्रमाणे नेत असतात. म्हणून तिथे ‘इंजिन सुरू का होत नाही’ हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्याची एक सरळ, क्रमवार रीत आहे, आणि तीच आज मला आपल्यापुढे ठेवायची आहे.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीच्या मुखाशी मी एका मच्छीमार होडीवर पाहुणा म्हणून गेलो होतो. होडीला डिझेलचे इंजिन आणि 12 व्होल्टची बॅटरी होती. जाळे सोडण्यासाठी इंजिन थोडा वेळ बंद केले, आणि नंतर सेल्फ मारला तो इंजिन नुसते कण्हून थांबले. डोक्यावरचा दिवा लख्ख जळत होता. बटण दाबले की तो मालवल्यासारखा होई आणि सोडले की पुन्हा लख्ख. ओहोटी लागली होती आणि होडी हळूहळू खडकांच्या बाजूला सरकत होती. नाखवांनी ताबडतोब नांगर टाकायला लावला म्हणून अनर्थ टळला. तासाभराने दुसऱ्या एका होडीने दोर टाकून आम्हाला बंदरात ओढून आणले.

वाटेत नाखवांनी हकीकत सांगितली. हा आजार दोन महिन्यांचा होता. प्रथम त्यांनी नवी बॅटरी घेतली. गुण आला नाही म्हणून सेल्फ काढून तो भरून आणला, म्हणजे त्याच्या आतील तारांचे वेटोळे नवे करून घेतले. मोसमाच्या ऐन दिवसांत एवढा खर्च झाला, पण रोग होता तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी काहीही उघडले नाही. मीटरच्या दोन तारा इकडेतिकडे टेकवल्या, बटण दाबायला लावले, आणि इंजिनाच्या बुडाशी काळी जाड तार जिथे बोल्टाने आवळली होती तिथे हात लावून ते म्हणाले, “नाखवा, बॅटरी नवी घेतलीत, पण तिची परतीची वाट जुनीच ठेवलीत!” बोल्ट काढला, तर तारेच्या टोकाच्या कडीखाली गंज आणि रंगाचा थर जमलेला. पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत केली, बोल्ट आवळला, आणि पहिल्याच दाबाला इंजिन सुरू झाले.

मिस्त्रींना जे दहा मिनिटांत कळले ते दोन महिने कोणाला का कळले नाही? याचे उत्तर विजेच्या एका साध्या स्वभावात आहे. वीज जाते तेवढीच परत यावी लागते. जाण्याची आणि येण्याची अशी वाट पुरी झाली म्हणजे तिला मंडल म्हणतात. होडीचे इंजिन सुरू करताना दोन मंडले कामाला लागतात. पहिले मोठे मंडल. बॅटरीच्या धन टर्मिनलापासून जाड तार निघते, मुख्य स्विचमधून सोलेनॉइडकडे, तिथून सेल्फकडे, सेल्फच्या अंगातून इंजिनाच्या लोखंडात, आणि इंजिनापासून दुसऱ्या जाड तारेने बॅटरीच्या ऋण टर्मिनलाला परत. दुसरे धाकटे मंडल. ते किल्ली किंवा बटण, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करणारी कळ आणि सोलेनॉइडचे वेटोळे यांतून जाते. धाकट्या मंडलातून थोडाच प्रवाह वाहतो. त्याचे काम एवढेच, की सोलेनॉइडचे चुंबक जागे करून मोठ्या मंडलाचा दरवाजा उघडावा. धाकटा हुकूम देतो आणि थोरला ओझे उचलतो. बिघाड या दोहोंपैकी कोणत्या मंडलात आहे हे ठरले, की निम्मे काम झाले.

आता दुसरी गोष्ट. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी 1827 साली प्रसिद्ध केलेला नियम आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केला असेल : वाटेत जेवढा रोध आणि जेवढा प्रवाह, त्यांच्या गुणाकाराइतका दाब त्या वाटेत खर्ची पडतो. गंजलेल्या सांध्याचा रोध समजा 0.02 ओहम आहे. हा इतका थोडा आहे की साध्या मीटरने नीट मोजताही येत नाही. होडीचा दिवा 2 अँपिअर प्रवाह घेतो. तेव्हा त्या सांध्यात फक्त 0.04 व्होल्ट जातात आणि दिवा लख्ख जळतो. परंतु सेल्फला इंजिन फिरवण्यासाठी 200 अँपिअर लागले, तर त्याच सांध्यात 4 व्होल्ट गडप होतात! आमच्या होडीवर मीटरने हेच दाखवले. बटण दाबलेले असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर साडेअकरा व्होल्ट होते, पण सेल्फपाशी पोचत होते जेमतेम सात. दिव्याची परतीची तारही इंजिनावरच बांधलेली होती, म्हणून तोही त्या वेळी मंदावे आणि सारे जण बॅटरीला दोष देत. वाया गेलेले 4 व्होल्ट आणि 200 अँपिअर यांचा गुणाकार केला तर 800 वॅट होतात. घरातील विजेच्या इस्त्रीइतकी ही उष्णता त्या एका सांध्यात निर्माण होत होती. मिस्त्रींच्या हाताला तो सांधा गरम लागला, यात जादू काही नव्हती.

यावरून एक सूत्र निघते, आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती हीच न्यावी : बिघाडाची परीक्षा ओझे असतानाच करावी. विश्रांती घेणारी बॅटरी आणि रिकामी वाट या दोन्ही नेहमी निरोगीच दिसतात.

समुद्रावर हे दुखणे इतके वारंवार का होते? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खाऱ्या वाऱ्याबरोबर ते प्रत्येक सांध्यावर बसतात आणि हवेतील ओल शोषून घेतात. त्यामुळे होडीवरचा सांधा कोरडा दिसला तरी पुरता कोरडा नसतो. तांबे हिरवे पडते, लोखंड गंजते, आणि दोन निराळे धातू ओलसर क्षारात एकमेकांना चिकटून राहिले तर त्यांतला एक लवकर झिजतो. बारीक तारांच्या पिळाची जी केबल असते तिच्यात ओल टोकाकडून आत चढत जाते. वरचे रबर चांगले दिसते आणि आतील तांबे काळे पडलेले असते. म्हणून होडीसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा वापरतात. मोटारीची साधी तार स्वस्त पडते खरी, पण ती खाऱ्या हवेत फार काळ टिकत नाही.

आता प्रत्यक्ष रीत. होडी बंद पडली की पहिले काम इंजिनाकडे धावण्याचे नाही. पहिले काम नांगर टाकण्याचे. होडी स्थिर झाली म्हणजे माणसाचे डोकेही स्थिर होते. त्यानंतर ज्या तीन गोष्टींचा पुढे संकोच वाटतो त्या आधीच पाहून घ्याव्या. बॅटरीचा मुख्य स्विच चालू आहे का? गिअर खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का? दांडा थोडा पुढेमागे हलवून पाहावा, कारण तिथली कळ वरचेवर चुकते. आणि मागे लावायच्या पेट्रोल इंजिनाला चालकाच्या मनगटाशी बांधायची जी सुरक्षेची दोरी असते, ती जागेवर आहे का? ती निसटली तर काही इंजिनांत सेल्फ फिरतो पण ठिणगी पडत नाही, आणि काहींत सेल्फही फिरत नाही. मिस्त्रीला बोलावून शेवटी ही दोरीच निघाली, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते.

या तीन गोष्टी ठीक असतील तर बटण दाबावे आणि ऐकावे. इंजिन चार प्रकारे उत्तर देते.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण शांतता. या वेळी दिवा लावून ठेवावा आणि त्याच्याकडे पाहत बटण दाबावे. दिवा मुळी लागतच नसेल तर बॅटरी पार उतरली आहे, मुख्य फ्यूज गेला आहे किंवा टर्मिनल सुटले आहे. दिवा लख्ख असून बटण दाबल्यावर यत्किंचितही मंदावत नसेल, तर हुकूमच पोचत नाही. म्हणजे दोष बहुधा धाकट्या मंडलात, किल्ली, फ्यूज, न्यूट्रलची कळ किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार यांपैकी कुठे तरी आहे.

दुसरा प्रकार ‘टक-टक-टक’ अशा भराभर आवाजाचा. सोलेनॉइड दार उघडतो, तोच मोठा प्रवाह निघून दाब कोसळतो, चुंबक दुबळे होऊन दार मिटते, दाब परत येतो आणि दार पुन्हा उघडते. बॅटरी उतरल्याची किंवा मोठ्या मंडलातील सांधा खराब झाल्याची ही खूण होय.

तिसरा प्रकार एकाच ‘टक्’चा, आणि पुढे काही नाही. यात दिवा लख्खच राहिला तर सोलेनॉइडच्या आतील संपर्क जळाले असतील, सेल्फचे कार्बन झिजले असतील किंवा दिव्याच्या वाटेबाहेरचा एखादा सांधा तुटला असेल. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी आणि सांधे पाहावेच, शिवाय इंजिन जखडलेले नाही ना हेही पाहावे.

चौथ्या प्रकारात इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही. अशा वेळी बॅटरी आणि सेल्फ यांना सोडून द्यावे. त्यांनी आपले काम केले आहे. पेट्रोल इंजिन असेल तर इंधन आणि ठिणगी पाहावी. डिझेल असेल तर त्याला ठिणगी लागतच नाही. तिथे टाकीतील डिझेल, गाळणीतील पाणी आणि नळीत शिरलेली हवा पाहावी. इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना, हेही पाहावे.

मोठ्या मंडलावर संशय आला तर मीटर घ्यावा. बॅटरी चार्ज करून काही तास विश्रांती घेतलेली असेल, तर पुरी भरलेली शिशाची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. तिच्या सहा घरांपैकी प्रत्येकाचे साधारण 2.1. साधारण 12.2 म्हणजे ती निम्म्याच्या आसपास, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. परंतु मघाचे सूत्र विसरू नये. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी बॅटरीच्याच टर्मिनलांवर दाब साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी उतरली आहे किंवा म्हातारी झाली आहे. तो दहाच्या वर टिकला आणि सेल्फ तरीही कण्हत असेल, तर आता वाटेचा तपास करावा. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टर्मिनलावर आणि दुसरी सेल्फच्या धन टोकावर ठेवून बटण दाबावे. निरोगी वाटेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ नये. मग एक तार ऋण टर्मिनलावर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर ठेवून तेच करावे. तिथे तर त्याहूनही कमी जावे. जिथे आकडा मोठा येईल त्या बाजूला एकेक सांधा ओलांडत पुढे जावे, म्हणजे चोर आपोआप दोन टोकांच्या मध्ये सापडतो. मीटरची टोके तारेच्या कडीवर न टेकवता थेट बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलावर टेकवावी. कडी आणि टर्मिनल यांच्या मध्येच मैल असला तर तो नाहीतर सुटून जाईल.

इंजिन सुरू झाले म्हणजे तपास संपला असे मात्र नाही. बॅटरी उतरली होती, तर ती का उतरली? इंजिन चालू असताना टर्मिनलांवर सुमारे 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर तिला खाऊ घालीत आहे. बारा साडेबारावरच आकडा अडकला, तर पट्टा सैल आहे, तार सुटली आहे किंवा अल्टरनेटर बिघडला आहे. इथे एक सावधगिरी घ्यावी. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच कधीही बंद करू नये. अल्टरनेटरचे डायोड त्या धक्क्याने जळू शकतात. होडीवर आता वायरलेस, मासे दाखवणारे यंत्र आणि दिवे रात्रभर चालतात. हे सारे एकाच बॅटरीवर ठेवले, तर पहाटे इंजिनासाठी काही उरत नाही. म्हणून सुरू करण्याची बॅटरी वेगळी आणि संसाराची वेगळी ठेवावी.

काही धोके सांगितल्याशिवाय हा विषय पुरा करणे योग्य होणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. म्हणून आत बसवलेले पेट्रोल इंजिन सुरू करण्यापूर्वी हवा काढणारा पंखा चार मिनिटे चालवावा आणि नाकाने वास घ्यावा. अशा होडीत मोटारीचा सेल्फ स्वस्त मिळतो म्हणून बसवू नये. होडीचा सेल्फ आतील ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही अशा रीतीने बंदिस्त केलेला असतो. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तोही स्फोटक. म्हणून तारा सोडताना ऋण तार आधी सोडावी, आणि दुसऱ्या बॅटरीची मदत घेताना शेवटची जोडणी बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या लोखंडावर करावी. तिसरा धोका सहसा कोणाला ठाऊक नसतो. ज्या इंजिनाचे थंडाव्याचे समुद्राचे पाणी धुराड्यातून धुराबरोबर बाहेर पडते, ते इंजिन पेट न घेता पुन्हा पुन्हा फिरवले तर पंप पाणी आणत राहतो आणि ते बाहेर ढकलायला धूर नसतो. पाणी साचत साचत सिलिंडरात शिरते आणि किरकोळ बिघाडाचा मोठा बिघाड होतो. म्हणून फार वेळ सेल्फ मारावा लागला तर पाण्याचा कॉक बंद करावा आणि इंजिनाने पेट घेताच न विसरता उघडावा. सेल्फही दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक एका दमात मारू नये; त्याला मध्ये दोन मिनिटे निवू द्यावे.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात आणि त्या दोन दमट महिन्यांत बॅटरी कोपऱ्यात पडून राहते. पडल्या पडल्याही ती थोडी थोडी उतरत असते, आणि उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर धरतात. ते मग सहजी निघत नाहीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होडी पाण्यात लोटावी आणि सेल्फने कण्हावे, ही गोष्ट दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बंदरात घडते. त्यावर उपाय स्वस्त आहे. बॅटरी पुरी भरून ठेवावी, महिन्यातून एकदा पुन्हा भरावी, आणि होडी उतरवण्यापूर्वी मोठ्या मंडलाचा प्रत्येक सांधा एकदा सोडून, घासून, ग्रीस लावून आवळावा. ग्रीस मात्र आवळल्यानंतर वरून लावावे; धातूला धातू भिडलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. बॅटरी मेली की तिच्यावरचा वायरलेसही मुका होतो. म्हणजे मदत लागते नेमक्या त्याच वेळी हाक मारण्याचे साधन जाते. म्हणून हातात धरण्याचा स्वतंत्र वायरलेस होडीत असावा. त्याच्या 16 क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाची हाक देता येते. आणि फोन लागत असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक तोंडपाठ असावा.

श्रोतेहो, त्या नाखवांनी पैसे घालवले ते अज्ञानामुळे, असे मला म्हणवत नाही. समुद्र, वारा आणि मासा यांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते मला जन्मभर शिकूनही येणार नाही. त्यांनी एवढेच केले की तपासाच्या आधी उपाय केला. आपण शहरातील माणसेही स्कूटर सुरू झाली नाही की प्लग बदलतो आणि घरातील पंखा मंदावला की पंखाच बदलतो. पुढल्या वेळी आधी वाट तपासावी, आणि तीही ओझे असताना. नाखवांच्या त्या होडीत मागच्या मोसमात मी पुन्हा गेलो होतो. बॅटरी तीच होती, सेल्फ तोच होता. काळी तार इंजिनाला जिथे आवळतात तिथे ग्रीसचा जाड थर दिसला, आणि बाजूला फळीवर खडूने सांधा साफ केल्याची तारीख लिहिलेली होती.